तामुरा आठ तास उशिरा आला

ओर्सेक–तामुरा हा धूमकेतू फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि असण्याचं काही कारणही नाही. त्याला लांबलचक शेपूट नाही, नुसत्या डोळ्यांना तो कधी दिसलेला नाही, वर्तमानपत्रात त्याचा फोटो आलेला नाही. सहा वर्षं आठ महिन्यांत तो सूर्याभोवती एक फेरी पुरी करतो. सूर्याजवळ आला की दोन-अडीच महिने बऱ्यापैकी दुर्बिणीतून दिसतो, तोही काचेवर कोणी श्वास सोडावा इतका पुसट. पण आमच्या घरात त्याचं नाव माहेरच्या माणसासारखं घेतलं जातं, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तर त्याचे आभार मानल्याशिवाय माझा दिवस जात नाही. का, ते सांगते.

मी सुलभा धर्माळे. परतवाड्याच्या शाळेत गणित शिकवायची. माझे यजमान विलास धर्माळे कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झाले, भौतिकशास्त्र शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. २००८ च्या डिसेंबरात मी अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि ते आमच्या प्रयोगशाळेत नुकतेच लागले होते. एका संध्याकाळी त्यांनी कॉलेजच्या मैदानावर दुर्बीण मांडली. रांगेतल्या मुली डोळा लावायच्या, 'काहीच नाही दिसत' म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच म्हणाले.

"त्याच्याकडे बघू नका," सर म्हणाले. "त्याच्या जरा बाजूला बघा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. तरी बाजूच्या एका ताऱ्यावर नजर टेकवली, आणि डोळ्याच्या कडेला तो हळूच उमटला. सरळ बघितलं की गेला, बाजूला बघितलं की आला.

कारण त्यांनी नंतर समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. मधोमध शंकुपेशी, त्यांना रंग कळतात, बारीक अक्षरं कळतात, पण उजेड भरपूर लागतो. कडेला दंडपेशी. त्यांना रंग कळत नाही, पण अंधारातला अगदी थोडा उजेडही त्या टिपतात. म्हणून मंद वस्तू बघायची तर तिला नजरेच्या कडेला घ्यायची.

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. आणि त्यानंतर माझ्या डोळ्यांतल्या नेमक्या त्या दंडपेशी एकेक करून मरू लागल्या. आजार घराण्यातून आलेला होता, उपाय नव्हता. आधी अंधारात दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग नळीतून बघावं तेवढंच जग उरलं. बेचाळीसाव्या वर्षी तेही मिटलं. उजेड आहे की नाही, एवढंच कळायचं. शाळा सोडली.

तामुराचं गणित मजेशीर आहे. सहा वर्षं आठ महिने गुणिले तीन, म्हणजे बरोबर वीस वर्षं. त्यामुळे तो आळीपाळीने डिसेंबर, ऑगस्ट आणि एप्रिल अशाच महिन्यांत येतो. ऑगस्टच्या दोन्ही खेपा ढगांनी खाल्ल्या. बावीसच्या एप्रिलमध्ये आणि अठ्ठावीसच्या डिसेंबरमध्ये सरांनी तो बघितला आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून ऐकला. डोळा दुर्बिणीला लावून ते बोलत राहायचे: "आज जरा लांबट आहे. वरच्या अंगाला दाट. जवळ दोन तारे आहेत, एक ठळक, एक बारका." मी त्यांचं कोपर धरून मनात चित्र काढायची. त्या वर्षांत मी कुठेही गेले तरी त्यांचं कोपर धरूनच गेले. त्यांचं सर्दीपडसं, राग, काळजी मला हाताने कळायची.

निवृत्तीनंतर आम्ही चिखलदऱ्याच्या पठारावर दोन खोल्यांचं घर बांधलं. सरांना आकाश हवं होतं आणि मला गारवा. मुलगी केतकी बंगळुरूला असते. तिच्या लग्नानंतर घरात आम्ही दोघंच उरलो.

एकेचाळीसच्या ऑक्टोबरात नागपूरच्या एका नेत्र रुग्णालयात माझ्यावर नवा उपचार झाला. माझ्या उजेड टिपणाऱ्या पेशी मेल्या होत्या. पण त्यांच्या मागच्या, मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी जिवंत होत्या. पोस्टमन होता, पत्रं लिहिणारं कोणी नव्हतं, अशी अवस्था. डॉक्टरांनी एका निरुपद्रवी विषाणूबरोबर एक जनुक त्या पेशींत पोचवलं. ते जनुक मूळचं एका शेवाळाचं. त्याच्या जोरावर ते शेवाळ डबक्यात उजेड ओळखून त्याच्याकडे सरकतं. तळ्यातल्या शेवाळाने मला नजर दिली. वर एक जाडसर चष्मा. त्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि माझ्या पेशींना समजेल अशा ठिपक्यांत ते डोळ्यातल्या पडद्यावर पाडतो. रंग नाही, सगळं काळं-करडं-पांढरं.

पण खरी करामत पुढेच होती. निरोगी डोळा दहा लाख तंतूंनी मेंदूशी बोलतो. माझ्याकडे कामाचे जेमतेम पाच हजार. पाच हजार ठिपक्यांत माणसाचा चेहरा म्हणजे चाळणीतून सांडलेलं पीठ. म्हणून चष्म्यात 'पूर्ती' नावाची व्यवस्था होती. जिथे माहिती अपुरी पडेल तिथे ती ओळखीतून भरून काढायची. दाराचा अर्धा भाग दिसला की पुरं दार. ओळखीचा माणूस समोर आला की त्याच्या चालीवरून, आवाजावरून त्याला ओळखून, साठवलेल्या फोटोंवरून त्याचा चेहरा. प्रत्येकाचा मेंदू थोड्याफार प्रमाणात हेच करतो, असं मला तिथल्या मृण्मयी खोतने सांगितलं. ही तिशीतली मुलगी पूर्तीची आखणी करणाऱ्यांपैकी एक, आणि मला चष्मा शिकवायलाही तीच होती. केतकीने तिला आमचे सगळे फोटो पाठवले, बहुतेक तिच्या लग्नातले.

नोव्हेंबरात पहिल्यांदा चष्मा लावला तेव्हा सर समोर उभे होते. मी तेरा वर्षांनी त्यांना बघत होते. भरलेले गाल, जाड मिशी, कपाळावर तीन आठ्या.

"चेहरा किती छान भरलाय हो तुमचा," मी म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसले. मृण्मयीही डोळे पुसत होती.

ते पाच-सहा महिने मी कशी जगले, ते मला सांगता यायचं नाही. उठले की आधी खिडकी. मग कपबशा. मुंग्यांची रांग बघायला मी अर्धा तास बसायची. दूध घालायला येणाऱ्या यमुनाबाईंच्या म्हशीसुद्धा मला देखण्या वाटायच्या. मी एकटी चालू लागले, दुकानात जाऊ लागले, स्वयंपाक करू लागले. सर म्हणायचे, "आता माझी काही गरज नाही तुला." मी हसायची. त्यांचं कोपर मी कधी सोडलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मार्चमध्ये यमुनाबाई दाराशी म्हणाल्या, "सर लयच वाळले वं बाई. जेवत नाई काय?"

मी वळून सरांकडे बघितलं. तसेच होते, गाल, मिशी, आठ्या.

"कुठे वाळलेत? आहेत तसेच आहेत," मी म्हणाले.

सर दुधाचं पातेलं घेऊन आत गेले. यमुनाबाईंनी माझ्याकडे जरा चमत्कारिक बघितलं असणार. ते मला दिसलं नाही.

एप्रिल आला. तामुराचीही वेळ झाली. या खेपेला तो सूर्याच्या पलीकडून आत येत होता, त्यामुळे मोठ्या दुर्बिणींना येताना सापडलाच नव्हता. सूर्याच्या मागून बाहेर पडल्यावर संध्याकाळी पश्चिमेला, क्षितिजापासून थोडा वर दिसायचा होता. इतक्या खाली मोठ्या वेधशाळा सहसा बघत नाहीत. ते काम अजूनही सरांसारख्या हौशी निरीक्षकांचं. नेमका कुठे दिसेल, ते गेल्या खेपेच्या नोंदींवरून काढलेल्या तक्त्यात होतं. केतकीने तो तक्ता माझ्या चष्म्यातही भरून दिला. मीच हट्ट धरला होता. चौतीस वर्षांपूर्वी मैदानात दिसलेला तो ठिपका मला पुन्हा बघायचा होता.

सत्तावीस तारखेला पावणेआठला आकाश पुरेसं काळं झालं. सरांनी स्वतः घासलेल्या दहा इंची आरशाची दुर्बीण अंगणात मांडली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सांगितल्या जागी तर काही नाही."

"सरका, मी बघते."

चष्म्यासकट डोळा लावला. क्षणभर नुसते तारे, मग त्यांच्या मधोमध तो उमटला. लांबट, वरच्या अंगाला दाट, खाली छोटीशी शेपटी. मी ओरडलेच.

"आहे! अहो, आहे की! एवढा स्पष्ट! तुमचे डोळे म्हातारे झाले!"

सरांनी पुन्हा बघितलं. बराच वेळ गेला. "मला डावीकडे, खालच्या बाजूला काहीतरी वाटतंय. चंद्राच्या रुंदीपेक्षा जरा कमी अंतरावर. फार पुसट आहे."

मी तिथे बघितलं. तिथे स्वच्छ काळं आकाश होतं. "तिथे काही नाही."

असं तीन संध्याकाळी चाललं. सर कागदावर त्यांच्या जागी खूण करायचे, मी माझ्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोडरबर घेतलं.

"काय करताय?"

"तू म्हणतेस तर असेल तिथेच. तुझा चष्मा नवा आहे. माझ्या नजरेचा भरवसा आता मलाच वाटत नाही."

सर आयुष्यात कधी नोंद खोडणारे नव्हते. चुकीची नोंदसुद्धा ते ठेवायचे आणि शेजारी 'चूक' लिहायचे. मी खोडरबर काढून घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही पाठवा."

धूमकेतूंच्या नोंदी गोळा करणारी निरीक्षकांची एक संस्था आहे, तिला आम्ही दोन्ही जागा कळवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. चिलीतल्या एका निरीक्षकालाही तो सरांच्याच जागी दिसला होता. तामुराच्या अंगावरचं बर्फ उन्हाने तापून वाफेचे फवारे उडतात, आणि ते छोट्या इंजिनासारखे त्याला मागेपुढे ढकलतात. ते ढकलणं हिशेबापेक्षा जरा जास्त झालं होतं. सहा वर्षं आठ महिन्यांच्या प्रवासात त्याला आठ तास उशीर झाला होता. तक्त्यातली जागा रिकामी होती.

"आठ तास!" सर खूश होऊन म्हणाले. "परतवाड्याच्या एसटीपेक्षा बरा."

मला हसू आलं नाही. रिकाम्या जागेत मी तीन संध्याकाळी शेपटीसकट धूमकेतू बघितला होता. मी मृण्मयीला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, ताऱ्यांच्या मांडणीवरून पूर्तीने ओळखलं असणार, दुर्बीण कुठे रोखली आहे ते. तक्त्यात तिथे धूमकेतू होता, म्हणून तिने तो भरला."

"आणि खरा होता तिथे मला काहीच का नाही दिसलं?"

"तिच्या यादीत तिथे काही नव्हतं. इतकं पुसट, यादीत नसलेलं काही आलं की ती ते धुरळा समजून पुसते."

"म्हणजे नाही ते दाखवते आणि आहे ते पुसते."

"फक्त जिथे उजेड कमी असतो तिथे, काकू," ती घाईने म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "हो. तसंच."

"बंद कर ती."

"चालताना धडपडाल. माणसं ओळखू येणार नाहीत. नुसते दाणे दिसतील."

"दाणे तर दाणे. माझे असतील ते."

तिने तिथूनच पूर्ती बंद केली. घर एका क्षणात विरघळलं. दार, खिडकी, कपबशा, सगळ्याचे थरथरते ठिपके झाले. मी पलंगाची कड धरून बसले आणि रडले. सर बाहेर दुर्बिणीचा आरसा पुसत होते. त्यांना मी काही सांगितलं नाही.

संध्याकाळी भिंतीला धरत धरत अंगणात गेले. "सर, तुमच्या जागेवर लावा," म्हणाले.

डोळा लावला. उकळत्या साबुदाण्यासारखे करडे दाणे. तारे तेवढे जरा स्थिर. बाकी सगळी वळवळ. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मानेला रग लागली.

"काहीच नाही दिसत," मी म्हणाले.

"थांब." त्यांनी दुर्बिणीच्या नळीवर बोटाने हळूच टिचकी मारली. दृश्य किंचित हललं. हलणारी पुसट वस्तू डोळ्याला लवकर सापडते, ही निरीक्षकांची जुनी युक्ती. पुन्हा टिचकी. आणि मला जाणवलं, एका ठिकाणी दाणे जरा जास्त वेळ थांबताहेत. आकार नव्हता, शेपटी नव्हती. नुसती थोडी दाटी.

"घड्याळात आठ वाजतात ना, त्या बाजूला," मी म्हणाले. "कडेजवळ."

सरांनी दुर्बीण थोडी सरकवली. "आता?"

मी शोधलं. "आता दहाच्या बाजूला."

पुन्हा सरकवली. "आणि आता?"

"आता... आता मधोमधच आहे जवळपास. हो, मधोमध."

"बरोबर," सर म्हणाले. "तिन्ही वेळा बरोबर, सुलभा."

चष्म्याने रंगवलेला नव्हता तो. सूर्यावरून निघालेला उजेड त्या बर्फाच्या धुळीवर पडून, कोट्यवधी किलोमीटर येऊन, सरांनी घासलेल्या आरशावरून माझ्या डोळ्यात उतरला होता. कोणीही मध्ये पडून तो सुधारला नव्हता. मी सरांना काहीतरी सांगायला वळले.

ते वही लिहीत होते. नोंदीसाठी वापरतात तो लाल दिवा त्यांच्या हनुवटीखाली होता. त्या उजेडात मला एक अनोळखी म्हातारा दिसला. गालांच्या जागी दोन खड्डे. मिशी नव्हती. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं वर आलेली.

"कोण?" मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. मी पूर्ती बंद केली आहे, हे त्यांना त्या एका शब्दावरून कळलं असावं. त्यांनी वही मिटली.

मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. कित्येक महिन्यांनी धरला. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकलं. हातावर ठिकठिकाणी ओरखडे लागले, खाजवल्याचे.

"सर, हे काय आहे?"

"वय झालं आता."

"सहा महिन्यांत?"

ते खुर्चीवर बसले. "फेब्रुवारीत मी मिशी काढली," ते म्हणाले. "सहज. तू काय म्हणतेस बघावं म्हणून. दोन दिवस वाट बघितली. तू रोज माझ्याकडे बघून बोलत होतीस आणि मिशी गेलेली तुला दिसत नव्हती. तेव्हाच कळलं, तुला मी दिसत नाही, फोटो दिसतोय."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तू मुंग्या बघून हसत होतीस. म्हटलं, असू दे. मग भूक गेली, वजन उतरायला लागलं. यमुनाबाई बोलल्या तेव्हा तू म्हणालीस, आहेत तसेच आहेत. मला खरं सांगू? बरं वाटलं. निदान एका माणसाच्या नजरेत मी ठणठणीत होतो."

मला इतका राग आला की मी त्यांचा हात झटकला. आणि लगेच पुन्हा धरला. त्या रात्री मी तो सोडला नाही.

सकाळी पहिल्या गाडीने आम्ही परतवाड्याला उतरलो. डॉक्टरांनी सरांना उजेडात उभं करून डोळ्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाले, "कावीळ आहे. कधीपासून?" पिवळेपणा मला पूर्ती असती काय आणि नसती काय, दिसलाच नसता, माझ्या जगात रंग नाहीत. त्यांनी तिथूनच नागपूरला पाठवलं. तपासण्या झाल्या. पित्ताची नळी आतड्याला मिळते त्या तोंडाशी हरभऱ्याएवढी गाठ होती. कर्करोगाची.

आठ तास शस्त्रक्रिया चालली. केतकी बंगळुरूहून आली होती. आम्ही दोघी बाकावर बसून होतो, आणि मृण्मयीही. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने चूक शोधून काढली होती, ती सांगायला आली आणि थांबली. चेहऱ्यांचे साठे दर आठवड्याला ताजे व्हायला हवे होते, पण ते नेटवर्क चांगलं मिळालं तरच व्हायचे. आमच्या पठारावर फोन लागतो, पण तेवढं नेटवर्क असतं कुठे? डिसेंबरापासून पूर्ती मला एकच चेहरा दाखवत होती.

"काकू, माझ्यामुळे उशीर झाला," ती म्हणाली. "काही झालं तर मी..."

मी तिचा हात धरला. लहान मुलीसारखा गार पडला होता. "तू नसतीस तर मी दुर्बिणीला डोळाच लावला नसता. आणि दुर्बिणीला लावला नसता तर त्यांच्याकडेही बघितलं नसतं. बस इथे."

संध्याकाळी शल्यचिकित्सक बाहेर आले. गाठ पुरी निघाली होती. आठवड्याने अहवाल आला, भोवतालच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. "नशिबाने लवकर आलात," ते म्हणाले. "ही गाठ बहुतेकांची फार पुढे गेल्यावर कळते. आणखी तीन महिने गेले असते तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो. कशावरून शंका आली तुम्हाला?"

"एका धूमकेतूला उशीर झाला," मी म्हणाले. त्यांना वाटलं असेल, बाई थकल्या आहेत.

मी मनात धन्यवाद देत होते. कोणाकोणाला, त्याचा मेळ लागत नव्हता. तळ्यातल्या शेवाळाला, चिलीतल्या त्या न बघितलेल्या माणसाला, यमुनाबाईंना, ज्यांचं मी ऐकलं नव्हतं. आणि ज्या फवाऱ्यांनी तामुराला आठ तास मागे रेटलं, त्यांना. तो वेळेवर आला असता, तर चष्म्यातला आणि आकाशातला एकाच जागी पडले असते आणि मला काहीच कळलं नसतं.

पावसाळा सरांनी अंथरुणात काढला. एकदा जखम चिघळली, दोनदा पुन्हा नागपूर गाठावं लागलं. जेवण म्हणजे रोजचं भांडण. दोन घास गेले की ते ताट सारायचे आणि मी पुढे करायची. संस्थेच्या पत्रकात तामुराच्या नव्या कक्षेबरोबर दोन निरीक्षकांची नावं छापून आली. सरांच्या आडनावाचं त्यांनी 'धरमाले' केलं होतं. सरांनी ते पान कापून वहीत लावलं आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'चूक'.

मृण्मयीच्या लोकांनी पूर्ती बदलली. आता ती जे अंदाजाने भरते ते तुटक रेघांनी काढते, म्हणजे बघणाऱ्याला कळतं, एवढं दिसलेलं आणि एवढं मानलेलं. ती तपासायला त्यांनी मलाच घेतलं. रस्ता, जिने, दुकान यांच्यासाठी मी ती लावते. तुटक रेघांच्या पायऱ्या मला चालतात. घरात आले की बंद करते. पाच हजार ठिपक्यांत माणूस ओळखायला वेळ लागतो, पण हळूहळू सवय होते. सर कुठल्या कुशीवर झोपलेत, घास गिळताना थांबलेत का, ते आता मला ओळखू येतं. जिथे शंका वाटते तिथे मी हात लावून बघते.

परवा सकाळी ओसरीवर ते तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. थंडी होती, खांद्यावर शाल. मी समोर बसून बराच वेळ बघत होते.

"काय बघतेस?"

"तुम्हाला."

"लाव ना ती तुझी पूर्ती जरा वेळ," ते म्हणाले. "केतकीच्या लग्नातला चेहरा बरा होता. गाल तरी होते."

"नको."

"यात काय बघण्यासारखं उरलंय?"

"कालच्यापेक्षा आज डाव्या गालाचा खड्डा कमी आहे," मी म्हणाले. "खरा की माझा भास, ते कळत नाही. तुम्ही सावलीत बसलाय."

सरांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मग दोन्ही हातांनी खुर्ची धरून, धापा टाकत, ती खांबाच्या आडून उन्हात ओढली, आणि तोंड माझ्याकडे करून बसले.